कढीपत्त्याची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या

सहावा_मजला | ९ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार. इथले बागेचे धागे बरेच दिवस नुसते वाचतेय, आज पहिल्यांदाच मदत मागतेय.

माझ्याकडे १४ इंची मातीच्या कुंडीत कढीपत्ता आहे. वाईच्या आमच्या घरामागच्या अंगणात आईनं लावलेलं झाड होतं. त्याच्या मुळाशी फुटलेलं एक रोप मी ८ वर्षांपूर्वी पुण्याला आणलं. ते घर आता आमचं नाही, अंगणही नाही. त्यामुळे 'नर्सरीतून दुसरं आणा' असं कृपया सांगू नका. मला हेच झाड वाचवायचंय.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून शेंड्याची पालवी पिवळी यायला लागली. कोवळी आहे, होईल हिरवी, असं वाटलं. झाली नाही. आता तर शेंड्याकडची पानं पिकलेल्या लिंबाच्या सालीसारखी दिसतायत, आणि पान उजेडात धरलं की हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसते. काही पानांची टोकं करपलीत.

आजवर केलेले उपाय: दर महिन्याला दोन मुठी गांडूळ खत, अंड्याच्या टरफलांची पूड, दोनदा एप्सम सॉल्ट, आणि आई घालायची म्हणून आठवड्यातून एकदा आंबट ताक. बाल्कनी पश्चिमेची आहे, दुपारी साडेबारापासून ऊन येतं. शेजारच्या कुंडीतला मोगराही पिवळा पडून पानं टाकतोय. तुळस मात्र ठणठणीत आहे. कीड दिसत नाही, पानं उलटून पाहिलीत.

काय चुकतंय माझं?

पाणवठा | ९ एप्रिल, रात्री १०.१५

बहुतेक पाणी जास्त होतंय. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा पाण्यानं जास्त मरतात, हे मी स्वतःची झाडं घालवून शिकलोय. मुळांनाही हवा लागते. मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे झाड सुकल्यासारखं दिसतं आणि आपण आणखी पाणी घालतो.

बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. आत गार ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नको. कुंडीखाली ताटली असेल तर काढून टाका. तळाच्या भोकात काडी घालून ते मोकळं आहे ना तेही बघा.

सहावा_मजला | १० एप्रिल, सकाळी ७.०५

पाहिलं. ताटली नाही, भोक मोकळं आहे. पाणी सकाळी घालते, संध्याकाळी वरची दोन पेरं माती कोरडी असते. वास वगैरे काही नाही.

रातांबा | १० एप्रिल, सकाळी ११.३०

आमच्याकडे रत्नागिरीला कढीपत्ता कंपाउंडच्या कडेला कसाही वाढतो, कोणी ढुंकून बघत नाही त्याच्याकडे. जांभ्याची तांबडी माती. कुंडीत लावला तेव्हा मात्र पावसाळ्यात पिवळा पडला, कारण जुलैभर कुंडी निथळलीच नाही. पन्हळीखालून हलवली आणि सुधारला. ताक चालू ठेवा, आमच्या आजीचाही तोच उपाय होता.

जुनी_गच्ची | १० एप्रिल, दुपारी ४.२०

थोडं थांबा. पान पिवळं पडणं हे तापासारखं आहे. ताप कशाचा ते कळल्याशिवाय औषध द्यायचं नाही. मी २२ वर्षं गच्चीवर झाडं लावतेय. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका सवयीचा: पिवळं पान झाडावर नेमकं कुठे आहे ते आधी बघायचं.

झाडाला अन्न कमी पडलं की ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं. पण सगळीच द्रव्यं अशी हलवता येत नाहीत. नत्र हलतं. म्हणून नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, सगळं पान एकसारखं फिकं होतं. मॅग्नेशियमही हलतं, तेव्हा तेही जुन्याच पानांवर दिसतं, फक्त शिरांमधली जागा पिवळी होते आणि शिरा हिरव्या राहतात. लोह मात्र एकदा पानात गेलं की तिथून जवळजवळ हलत नाही. मातीतून लोह मिळेनासं झालं की जुनी पानं गर्द राहतात आणि नवी पालवी पिवळी येते, हिरव्या शिरांसकट.

सहावा_मजला, तुमच्या वर्णनात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत. तीन गोष्टी सांगा. खालची जुनी पानं कशी आहेत? पाणी कुठलं घालता? आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या पाण्यात काही बदल झाला का? मोगऱ्याचं वेगळं सांगा. शेजारी आहे म्हणून आजारही तोच असेल असं नाही.

सहावा_मजला | १० एप्रिल, रात्री ८.५०

तुमचा तिसरा प्रश्न वाचून मी चमकले.

खालची पानं अजून गर्द हिरवी आहेत. पाणी: आमच्या सोसायटीत फेब्रुवारीअखेरपासून वापरायला बोअरचं पाणी सोडतात, महापालिकेचं फक्त स्वयंपाकघराच्या नळाला. ते पाणी इतकं जड आहे की बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. आणि अजून एक. पाणी वाया जाऊ नये म्हणून फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी मी बादलीत धरते आणि तेच कढीपत्त्याला घालते. बोअर सुरू झाल्यावर फिल्टरची जोडणीही त्याच पाण्यावर आली होती, कारण स्वयंपाकघरातला दाब पुरत नव्हता.

मोगऱ्याची पानं सगळीकडून पिवळी होऊन गळतायत, खालची जास्त. तो गेल्या पावसाळ्यात नर्सरीतून आणला.

जुनी_गच्ची | १० एप्रिल, रात्री ९.३०

मग बहुतेक सापडलं. आरओ फिल्टर स्वच्छ पाणी एका बाजूला देतो आणि क्षार दुसऱ्या बाजूला ढकलतो. म्हणजे ते बाहेर पडणारं पाणी मूळ बोअरच्या पाण्यापेक्षाही जास्त क्षारांचं. महापालिकेच्या पाण्यावर फिल्टर असेल तर ते बाहेरचं पाणी बऱ्याच झाडांना चालून जातं. जड बोअरवर असेल तर लादी पुसायला वापरा, कुंडीत नको. करपलेली टोकंही क्षारांचीच असणार.

तुमची पाणी वाचवण्याची सवय चांगलीच आहे, ती सोडू नका. फक्त पाणी बदला. घरात एसी असेल तर त्याचं ठिबकणारं पाणी धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

एक साधी तपासणी करून बघा. कुंडीच्या बाहेरच्या बाजूला पांढरी खपली धरली असेल, तिच्यावर लिंबाचा रस टाका. फसफसलं तर तो चुना आहे.

ऊसमळा | ११ एप्रिल, सकाळी ६.४५

ताई, हा केवडा आहे. आमच्या वाळवा भागात चुनखडीच्या रानात ऊस लावला की कोवळी पानं अशीच पिवळी-पांढरी निघतात, शिरा हिरव्या. लांबून बघितलं तर रानात पिवळे पट्टे दिसतात. भुईमुगालाही होतं. (भेंडीच्या रोगालाही लोक केवडाच म्हणतात, पण तो विषाणूचा, पांढऱ्या माशीनं पसरतो. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.)

मातीत लोह नसतं असं नाही. आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे. पण चुना जास्त झाला की ते गंजासारखं घट्ट बसतं, मुळांना विरघळलेलं मिळत नाही. तुमच्या कुंडीत चुना पाण्यातून येतोय एवढाच फरक.

आम्ही हिराकस वापरतो, म्हणजे फेरस सल्फेट. एकरी १० किलो. पण नुसतं मातीत फेकलं तर चुनखडी ते दोन दिवसांत खाऊन टाकते. म्हणून दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर करून ४-५ दिवस मुरवायचं आणि मग मुळाजवळ द्यायचं. तुमच्या कुंडीला चहाचा एक सपाट चमचा हिराकस आणि दहा चमचे जुनं खत पुरे. वर फवारणीही करा: १ लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस, ऊन उतरल्यावर, १० दिवसांनी परत. उन्हात फवारलं तर पान भाजतं.

हिराकस घेताना खडा हिरवट बघून घ्या. तपकिरी पडलेला असला तर तो आधीच गंजलाय, उपयोग नाही. आणि फरशीवर सांडू देऊ नका, डाग निघत नाही. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. फवारलेली पानं दोन-तीन आठवडे फोडणीला घेऊ नका.

पालवी_७ | ११ एप्रिल, दुपारी १.१०

मला हे पटत नाही. घरच्या कढीपत्त्यावर रसायन कशाला? मी १० वर्षं फक्त टरफलं, कांद्याच्या सालींचं पाणी आणि ताक वापरतेय, माझी झाडं उत्तम आहेत. निसर्गाला वेळ द्यावा.

जुनी_गच्ची | ११ एप्रिल, संध्याकाळी ६.००

पालवी, तुमची झाडं उत्तम आहेत याचं कारण तुमचं पाणी चांगलं असणार. तुम्ही नाशिकच्या ना? तिथे नळाला धरणाचं पाणी येत असेल तर हा प्रश्न सहसा उभाच राहत नाही.

टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. आम्लधर्मी मातीत, रातांबा यांच्या कोकणात, त्याचा फायदा होईल. इथे कुंडीत आधीच चुना जास्त आहे, त्यात आपण चिमूटभर का होईना पण आणखी घालतोय. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. तुटवडा मॅग्नेशियमचा नसल्यामुळे ते नुसतंच क्षारांत भर घालतं. दोन्ही थांबवा.

ताकाबद्दल मला आपुलकी आहे. माझ्या सासूबाईही घालायच्या. ताक आंबट असतं, त्यानं मुळाजवळचा चुना थोडा विरघळतो आणि तेवढ्यापुरतं लोह सुटं होतं. अंगणातल्या झाडाला, पावसाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या, तेवढं पुरत असेल. पण आठवड्यातून एक पेला ताक आणि रोज तीन लिटर चुन्याचं पाणी, यात ताकाची बाजू पडते. कुंडीत घालायचंच तर लोणी पूर्ण काढलेलं, दहापट पातळ करून, नाहीतर मुंग्या येतात आणि माती वास मारते.

रसायनाविषयीची तुमची भीती मी समजू शकते. मीही कीटकनाशक वापरत नाही. पण हिराकस हे विष फवारण्यासारखं नाही, लोहाचा क्षार आहे. अशक्त माणसाला डॉक्टर लोहाची गोळी देतात, त्यात बऱ्याचदा फेरस सल्फेटच असतं. प्रमाण मात्र पाळायलाच हवं, झाडालाही आणि माणसालाही.

दूरदेशी_तुळस | १२ एप्रिल, पहाटे ५.२०

ॲरिझोनातून लिहितेय. इथलं पाणी जड आणि माती चुन्याची, त्यामुळे आमच्या मराठी मंडळातल्या जवळपास प्रत्येकीच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला हे होतं. हिराकस मातीत टिकत नाही हा माझाही अनुभव. मी चिलेटेड लोह वापरते, म्हणजे मुळांना विरघळलेलं मिळावं म्हणून दुसऱ्या एका पदार्थानं धरून ठेवलेलं लोह. त्यात दोन प्रकार असतात, हे नीट बघा. ईडीटीएवालं साधारण आम्लधर्मी मातीतच टिकतं. चुन्याच्या मातीत ईडीडीएचए लागतं. ते पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. महाग आहे, पण फारच थोडं लागतं.

अजून एक. थंडीत कढीपत्ता पिवळा पडून पानं टाकतो तो वेगळा प्रकार. पहिल्या वर्षी मी घाबरून डिसेंबरात खत घातलं होतं. तेव्हा फक्त पाणी कमी करून गप्प बसायचं असतं, फेब्रुवारीत आपोआप फुटतो.

गुलाबवेडा | १२ एप्रिल, सकाळी १०.००

धागा ताब्यात घेत नाही, पण माझ्या गुलाबाचं सांगून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. सगळी पानं फिकी, झाड हलवलं की कुंडीत डुगडुगायचं. खत, पाणी सगळं करून झालं. शेवटी उपटून कुंडी उलटी केली तर मातीत बोटाएवढ्या पांढऱ्या, वळकटी घातलेल्या १४ हुमण्या. मुळं जवळजवळ शिल्लकच नव्हती. अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं होतं, त्यातून आल्या. आता शेणखत चाळल्याशिवाय आणि हाताला भुसभुशीत, बिनवासाचं लागल्याशिवाय वापरत नाही.

वांगी_गच्ची | १२ एप्रिल, दुपारी १२.४५

माझ्या पिशव्यांमध्ये नारळाच्या शेंड्या, उसाचं चिपाड आणि पालापाचोळा आहे, माती फक्त दोन इंच. वांग्याची खालची पानं एकेक करून पूर्ण पिवळी पडतायत, वरची हिरवी आहेत. जुनी_गच्ची यांनी सांगितल्याप्रमाणे हे नत्र ना?

जुनी_गच्ची | १२ एप्रिल, दुपारी ३.३०

बरोबर ओळखलंत. कच्चा पाचोळा कुजताना त्यातले जिवाणू नत्र स्वतःसाठी वापरतात, झाडाला उरत नाही. शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवून, दहापट पातळ करून दर आठवड्याला द्या. पाचोळा पुरता कुजला की हा त्रास थांबेल.

सहावा_मजला | १३ एप्रिल, रात्री ९.१०

आज सुट्टी होती, सगळं करून पाहिलं.

कुंडीच्या बाहेरच्या पांढऱ्या खपलीवर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले, सोड्यावर पिळल्यासारखे. मुलगा शेजारी उभा होता, त्यानंच आधी आवाज ऐकला. मग शेजारच्या काकांकडून पाण्यातले क्षार मोजायचा मीटर आणला. महापालिकेचं पाणी ९०, बोअरचं ९४०, फिल्टरमधून बाहेर पडणारं १२६०. मी ते १२६०चं पाणी माझ्या आईच्या झाडाला दीड महिना घालत होते. वाईट वाटलं फार.

मग मोगरा काढला. कुंडीची कडेची माती ओली होती, पण मधोमध नर्सरीचा तांबूस चिकणमातीचा गोळा तसाच्या तसा, विटेसारखा कडक आणि आतून अगदी कोरडा. वरचं पाणी गोळ्याच्या बाजूनं निघून जात होतं. झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं होतं.

जुनी_गच्ची | १३ एप्रिल, रात्री १०.०५

मोगऱ्याचं अगदी नेहमीचं दुखणं. इथल्या नर्सऱ्यांत पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात. लांबच्या प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून त्यांना चिकणमातीचा गोळा असतो. प्रवासापुरता तो चांगला, पण आपल्या हलक्या मातीत तसाच लावला की असं होतं.

आता ४० अंशांत गोळा फोडू नका, मुळं तुटतील आणि झाड सावरणार नाही. कुंडी बादलीत गळ्यापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग निथळू द्या. आठवड्यातून एकदा असं करा. गोळ्यात विणकामाच्या सुईनं चार-पाच भोकं पाडा. पाऊस सुरू झाला की गोळ्याची बाहेरची माती पाण्याखाली हलकेच धुऊन नव्या मातीत लावा.

कढीपत्त्याला आधी चांगल्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा, खालून पाणी वाहू देत दोन-तीनदा. मग ऊसमळा यांनी सांगितलेली मात्रा. चांगलं पाणी पुरलं नाही तर बोअरच्या ५ लिटरमध्ये १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ते वापरा. सगळा नाही, पण बराचसा चुना मरतो. आणि स्वतःला बोल लावू नका. पाणी फेकवत नाही म्हणूनच तुम्ही ते घालत होतात.

सहावा_मजला | ४ मे, सकाळी ८.१५

कळवायला उशीर झाला. बेडरूमच्या एसीखाली बादली लावली, रोज ६-७ लिटर पाणी मिळतं. दोनदा फवारणी झाली, मुरवलेलं हिराकस एकदा दिलं.

पहिल्या फवारणीनंतर पाचव्या दिवशी पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके उमटले. जिथे जिथे थेंब बसला होता तिथे तिथेच हिरवं, मधली जागा पिवळी. भिंग घेऊन पाहिलं, अगदी शिंतोडे उडाल्यासारखं. लोह पानात गेलं की तिथून हलत नाही असं जुनी_गच्ची यांनी लिहिलं होतं, ते डोळ्यांनी दिसलं.

आणि काल शेंड्याला नवी पालवी आली आहे. पोपटी आहे, पण ही पोपटी वेगळी, तजेलदार. शिरा वेगळ्या दिसत नाहीत.

ऊसमळा | ४ मे, दुपारी २.००

छान झालं. ठिपके दिसले म्हणजे रोग बरोबर ओळखला. आता हिराकस थांबवा. आणखी घातलं तर मुळं जळतील. पालवी पुन्हा पिवळी निघाली तरच द्या. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होणार नाहीत, पण तोडू नका, जेवढी हिरवी आहेत तेवढी झाडाला अन्न करतायत.

सहावा_मजला | २१ जून, रात्री ८.३०

पाऊस लागला. कुंडी रेलिंगजवळ सरकवली आहे, दोन दिवस नुसतं पावसाचं पाणी मिळतंय. वरची सगळी पानं गर्द झालीत, करपलेल्या टोकांची जुनी पानं खाली शिल्लक आहेत, त्यांना हात लावला नाही. मोगरा नव्या मातीत लावला, पानं गळायची थांबलीत, कळी मात्र अजून नाही.

सोसायटीच्या सभेत बोअरच्या पाण्याचा विषय काढला. खालच्या बागेतली जास्वंदही अशीच पिवळी आहे, हे मी दाखवेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता गच्चीवरचं पावसाचं पाणी बागेसाठी एका टाकीत धरायचं ठरलंय.

आणि आज माती मोकळी करताना मुळाशी दोन रोपं फुटलेली दिसली. एक ताईला साताऱ्याला देणार आहे. दुसऱ्यासाठी इथे पुण्यातल्या कुणाला हवं असेल तर निरोप करा, सुटं करायच्या आधी मुळं धरेपर्यंत महिनाभर थांबावं लागेल. ज्याच्याकडे जड पाणी नाही त्याला आधी.

रातांबा | २१ जून, रात्री ९.००

मी जुलैअखेर पुण्याला लेकीकडे येणार आहे. ते दुसरं रोप आमच्या कंपाउंडात, जांभ्याच्या मातीत लावायला द्याल का? कुंडीला कधी काही झालं तर तुमच्या आईचं झाड जमिनीत एक असू दे.

सहावा_मजला | २१ जून, रात्री ९.०४

हो. तुमच्यासाठीच ठेवते.